भावोजींना न सापडलेली बाई

माझे भावोजी हुशार आहेत हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला जळकी म्हणायला नको. शहरात त्यांना 'दुर्बीण' म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं आहे आणि ते त्यांना मनापासून आवडतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. दारावर 'खाजगी तपास व चौकशी' अशी पितळी पाटी आहे आणि ती रोज सकाळी ते स्वतः पुसतात. त्या घरात त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलेली ही एकमेव वस्तू.

एकदा एका बेकरीला आग लागली. मालक छाती पिटत होता, विमा कंपनीची माणसं जळके वासे तपासत होती. भावोजींनी शेजारणीला एवढंच विचारलं, की बेकरीतली मांजर कुठे आहे. मांजर आणि तिची पिल्लं मालकाने आदल्याच दिवशी घरी नेऊन ठेवली होती. झालं, मालक आत. दुसरा एकजण अपघातात मान दुखावली म्हणून गळ्यात पट्टा घालून भरपाई मागत फिरायचा. भावोजी बागेत त्याच्या शेजारी जरा वेळ बसले आणि येऊन म्हणाले, पट्टा बाहेरून मळलाय, आतून कोरा करकरीत आहे, घरी गेला की काढून खुंटीला लावतो. अशी डोकी रोज जन्माला येत नाहीत. दुःख एवढंच, की हे डोकं माझ्या बहिणीच्या पदरात पडलं.

कारण हे सगळं घराबाहेर. घरात शिरताना माणूस चपला काढतो तसे भावोजी डोळेही काढून ठेवायचे. ताईने जुना सोफा विकून नवा आणला. भावोजी त्यावर बसून पेपर वाचत राहिले. बऱ्याच दिवसांनी एक पाहुणा 'सोफा छान आहे' म्हणाला तेव्हा ते तोऱ्यात म्हणाले, "हो, जुनी वस्तू आहे, आता असं लाकूड मिळत नाही." मोठ्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दौऱ्यावर होते. परत आल्यावर आठवड्याने विचारलं, "ही जरा बारीक झाली का?" आता दोन्ही मुली नोकरीसाठी परगावी आहेत. कोण कुठल्या गावी, हे त्यांना फोन आला की ताई सांगते.

आणि ताईबद्दल विचाराल तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "आमची मंडळी अगदी साधी. जगात काय चाललंय याचा तिला गंध नाही." ताई तिथेच बशा मांडत असायची. ती हसायची. मला त्या हसण्याचा इतका संताप यायचा, की एकदा मी हातातली बशी आपटली होती.

मी कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. भावोजींचे अहवाल मीच टाइप करते. बाहेरच्या टायपिस्टवर त्यांचा विश्वास नाही, माझ्यावर आहे. का आहे, तर त्यांच्या मते मला त्यातलं काही कळत नाही. मी दुपारी जाते, ते येरझारा घालत सांगतात, मी बडवते. मध्ये चहा येतो. चहा आपोआप येतो अशीच त्यांची समजूत असावी.

तर अशा घरात ताईने एके दिवशी ती मुलगी आणली.

ताईचे गुडघे दुखतात म्हणून ती हाडांच्या डॉक्टरांकडे शेक घ्यायला जाते. तिथल्या बाकावर ही मुलगी तिला भेटली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. सोबत नवरा. हमरस्त्यावर टाइल्सचं मोठं शोरूम आहे, त्याचा मालक. तोंडात साखर, बोटात जाडजूड अंगठी. जिन्यावरून पडली, असं तोच सगळ्यांना सांगत होता. काही महिन्यांनी पुन्हा तोच बाक, तीच मुलगी, तेच मनगट आणि तोच जिना. एकाच जिन्यावरून एकाच हातावर माणूस दोनदा पडत नाही, एवढं ताईला कळलं. त्यासाठी तिला भिंग लागलं नाही. नवरा औषधं आणायला बाहेर गेला तेवढ्यात ताईने तिच्या कानात आपला पत्ता सांगितला आणि म्हणाली, "कधीही ये. विचारायची गरज नाही."

ती आली. एका पिशवीनिशी, चालत. मनगट वाकडंच बसलेलं, मुठीत काही धरवत नव्हतं. दूरच्या एका शहरात तिच्या शाळेतल्या बाई वसतिगृह चालवतात. तिथे महिनाअखेरीला एक जागा रिकामी होणार होती आणि कामही मिळणार होतं. तोवर कुठेतरी लपायचं होतं. ताईने कोठीशेजारची खोली रिकामी केली आणि जेवताना भावोजींना सांगितलं, "हाताखाली एक बाई ठेवलीय. गुडघ्यांमुळे मला ओट्याशी उभं राहवत नाही."

"बरं," भावोजी पेपरच्या मागून म्हणाले.

इथवर ठीक होतं. मग एके दुपारी मी टाइप करत असताना तो टाइल्सवाला भावोजींच्या ऑफिसात येऊन बसला. बायको शोधायला त्याला शहरातला सगळ्यात हुशार माणूस हवा होता.

"डोक्याने जरा अधू आहे हो ती," तो म्हणत होता. "रागाच्या भरात निघून गेली. मला फक्त तिची काळजी. सापडली की तुम्ही कुणाला काही बोलू नका, मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन."

त्याचा आवाज आत गेला असणार, कारण स्वयंपाकघरात ताट पडलं. ते गरगरत बराच वेळ वाजत राहिलं. आणि आमचे दुर्बीण त्या माणसाला म्हणतात काय, "माफ करा हं. नवीन बाई आहे, धांदरट आहे."

तो गेल्यावर मी आत धावले. ती मुलगी फरशीवर बसली होती. "ताई, तो मला घेऊन गेला तर या वेळी हातावर थांबणार नाही," एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"हिला आत्ताच्या आत्ता हलव," मी ताईला म्हटलं. "माझ्याकडे ने. दुकानामागे खोली आहे."

"तुझ्याकडे हे दोन दिवसांत पोचतील. कुणाहीकडे पोचतील. इथेच राहू दे."

"आणि इथे कळलं तर?"

"कळलं तर कळलं," ताई म्हणाली आणि ताट उचलून विसळायला लागली. मला वाटलं, गुडघ्यांची गोळी डोक्यात गेलीय.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. भावोजी पेटले होते. बसस्थानक, रेल्वे, तिचं माहेर, मैत्रिणी, शिवणाचा क्लास, काही सोडलं नाही. टेबलावर तिचा मोठा फोटो, लग्नातला, दागिन्यांनी मढवलेला. ते भिंग घेऊन त्यावर वाकायचे आणि मला व्याख्यान द्यायचे.

"मेव्हणीबाई, ही हनुवटी बघा. ही बाई हट्टी आहे. आणि कपाळ बघा. घाबरट आहे, पण एकदा ठरवलं की मागे फिरणार नाही. माणूस वाचता आला पाहिजे."

ती हट्टी हनुवटी त्या वेळी त्यांच्या खांद्याशेजारी ट्रे घेऊन उभी होती. तिने काही सोंग घेतलं नव्हतं. पदर नाही, काळा चष्मा नाही. हातात चहा होता, तेवढं पुरे होतं. तिने कप ठेवला, भावोजींनी फोटोवरची नजर न काढता तो चाचपला आणि वैतागले.

"हिला सांगा कुणीतरी. कपाचा कान नेहमी उलट्या बाजूला ठेवते. आणि साखर कमी."

मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. तीस वर्षं माझी बहीण या माणसाला चहा देत आलीय, हे मनात आलं आणि नुसती किळस वाटली.

मग एक दिवस ते शीळ घालत आले. शीळ म्हणजे काहीतरी सापडलं.

"ओळखीची खूण मिळाली! हाडांच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला बोलतं केलं. उजवं मनगट दोनदा मोडलंय, वाकडं बसलंय. नवरा हे बोललाच नव्हता, विसराळू दिसतो. टाइप करा, ठळक अक्षरांत."

"दोनदा कसं मोडलं?" मी विचारलं.

"तो आपला विषय नाही, मेव्हणीबाई."

मांजरीच्या पिल्लांवरून आग ओळखणारा हा माणूस. त्याला एका बाईचं दोनदा मोडलेलं मनगट दिसलं, आणि दिसली काय, तर ओळखीची खूण. मी ते ठळक अक्षरांत टाइप केलं. भावोजींबद्दल माझं जे मत आहे ते त्या ओळीपासून पक्कं आहे, आणि पुढे जे घडलं त्यानेही ते फारसं बदललेलं नाही.

दोनच दिवसांनी टाइल्सवाला अहवाल घ्यायला पाचला येणार होता. दुपारी भावोजी हात मागे बांधून येरझारा घालायला लागले. डोकं अगदी तापलेलं, म्हणजे त्यांचं सगळ्यात चांगलं चालतं तसं.

"लिहा. बाई शहराबाहेर गेलेली नाही. बसवाल्यांनी तिला पाहिलेलं नाही, रेल्वेवाल्यांनीही नाही, आणि असलं मनगट घेऊन सामान उचलता येत नाही. ती चालत गेली, जवळच गेली. मैत्रिणींकडे नाही, ते मी पाहिलंय. मग कुणाकडे? ती त्या दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसायची. बाकावर बायका बोलतात. तेव्हा तिथलीच कुणीतरी पेशंट. मध्यमवयीन, सांधेदुखीवाली."

मी टाइप करत होते. काय टाइप करतेय ते मला दिसत नव्हतं.

"मुलं परगावी, म्हणून घरात खोली रिकामी. पाहुणी म्हणून ठेवली तर शेजारी चौकशा करतील, तेव्हा कामाला ठेवलीय असं सांगितलं असणार. बाईमाणसाचं डोकं तेवढंच चालतं. आता राहिला त्या घरातला नवरा." इथे ते थांबले आणि मिशीत हसले. "नवरा असा हवा, की ज्याला आपल्या घरात कोण वावरतंय याचाच पत्ता नाही. असा गाढव या शहरात फार तर एक-दोन निघतील. त्यांना शोधलं की काम झालं. लिहा."

"'गाढव' लिहू?" मी विचारलं.

"लिहा ना. खरं तेच लिहायचं."

तेवढ्यात चहा आला. रोजच्यासारखा. मी तिला डोळ्यांनी आत जा म्हणून खुणावत होते, पण तिचं लक्ष ट्रेकडे होतं. डाव्या हाताने तिने कप उचलला आणि भावोजींसमोर ठेवला. कान डावीकडे.

"पुन्हा उलटा," भावोजी म्हणाले, "किती वेळा सांगायचं, कान..."

त्यांनी डावा हात पाहिला. मग ट्रेखाली लपलेला उजवा. मग नजर वर नेली, हळूहळू, हनुवटीपर्यंत आणि तिथून कपाळापर्यंत. मग टेबलावरचा फोटो. मग पुन्हा वर. आयुष्यात प्रथमच ते चहा देणाऱ्या माणसाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला उठून पाणी द्यावं लागेल असं वाटलं. मी उठले नाही.

ताई दारात होती. "तू आत जा, दूध उतू जाईल," ती मुलीला म्हणाली. मग येऊन अशिलांच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती.

"ही... कधीपासून?" भावोजी म्हणाले.

"तो तुमच्याकडे आला त्याच्या आधीपासून."

"माझ्या घरात! माझ्या नाकाखाली! तुला कळतंय का काय केलंस? पाचला येतोय तो. मी शब्द दिलाय त्याला, शोधून देईन म्हणून."

"सापडलीय की. द्या शोधून."

"देणारच आहे."

"द्या," ताई म्हणाली. "तो पहिलं विचारेल, कुठे होती. काय सांगाल?"

भावोजींनी टेबलावरचा फोटो उलटा करून ठेवला.

"दुकानदार माणूस आहे. दिवसभर गिऱ्हाईक येतं. दुर्बिणीने सगळं शहर पालथं घातलं आणि बाई त्यांच्याच टेबलावर कप ठेवत होती, हे उद्या बाजारात होईल. विमा कंपनीवाले ऐकतील. तुमचे ते पोलिसातले मित्र ऐकतील."

"मी सांगेन, दुसरीकडे सापडली म्हणून."

"ती खरं सांगेल. मीही सांगेन."

भावोजी खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ते म्हणाले, "मला दिसणार नाही म्हणून तू तिला इथे ठेवलीस."

"छे हो," ताई म्हणाली. तिने त्यांना समजावून सांगावं तसं सांगितलं. "तुम्ही हुशार आहात. आज ना उद्या सापडणारच होती. दुसऱ्या कुणाच्या घरी सापडली असती तर तुम्ही त्याला कळवून मोकळे झाला असता. सापडल्यावर तुम्हाला सांगता येऊ नये, म्हणून इथे ठेवली."

मी माझ्या सख्ख्या बहिणीकडे बघत राहिले. ती ताट विसळत 'कळलं तर कळलं' म्हणाली होती, ते मला आत्ता समजत होतं. या माणसाच्या अहंकाराची लांबी-रुंदी तिने तीस वर्षं न बोलता घेतली होती आणि त्याचंच कुलूप करून दाराला लावलं होतं.

बेल वाजली. ताई उठली, पदर सारखा केला आणि आत गेली.

टाइल्सवाला त्याच खुर्चीत टेकला. आत नळ बंद झाला. मला माहीत होतं, भिंतीपलीकडे ती मुलगी कान देऊन उभी आहे.

"मग? सापडली?"

भावोजींनी टेबलावरचा कप थोडा सरकवला. चहावर साय धरली होती.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"नाही सापडली. केस सोडतो मी."

तो आधी हसला, मग तोंडातली साखर संपली. "एवढा टेंभा मिरवता, आणि एक बाई सापडत नाही तुम्हाला? तिला साधी अक्कल नाही, ती तुम्हाला चकवते? दुर्बीण म्हणे! काच फुटलीय तुमची."

भावोजींना असं कुणी कधी बोललं नव्हतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. टेबलावर आपटलेल्या त्याच्या हाताकडे बघत होते, त्या जाड अंगठीकडे.

"तिचं मनगट दोनदा कसं मोडलं?" त्यांनी विचारलं.

"जिन्यावरून पडली."

"दोन्ही वेळा?"

तो उठला. जाताना त्याने दार इतक्या जोराने लावलं की पितळी पाटी तिरकी झाली. प्रश्न माझा होता, हे मी इथे नोंदवून ठेवते. श्रेय द्यायची भावोजींची पद्धत नाही.

त्यांनी 'नाही' का म्हटलं, लाजेने की मनगटामुळे, यावर माझं आणि ताईचं अजून पटत नाही. ताई म्हणते, शेवटचा प्रश्न विचारायची त्यांना काही गरज नव्हती. मी म्हणते, अब्रू वाचल्यावर दया सुचायला वेळ लागत नाही. हल्ली ते मित्रांना सांगतात, की एक केस त्यांनी माणुसकीखातर मुद्दाम सोडली. ताई तेव्हा बशा मांडत असते. हसते.

महिनाअखेरीला मुलगी गेली. मी तिला बसमध्ये बसवून घरी आले. दुपारची वेळ, अहवाल दुसऱ्याच कुठल्या केसचा. चहा ताईने आणला. तिने कप ठेवला, आणि भावोजींनी मान वर केली. कप कोण ठेवतंय ते बघायची त्यांना आता भीतीने सवय लागलीय. पण त्या दिवशी ते बघतच राहिले. भिंगाखालच्या फोटोकडे बघायचे तसे, कपाळावर आठ्या घालून.

"तू चष्मा कधीपासून लावतेस?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "धाकटीच्या दहावीपासून," आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

भावोजी कपाला हात न लावता बसून राहिले. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मेव्हणीबाई, धाकटीची दहावी... कधी झाली हो?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, शोधा.